मुठीतला अंगठा

पुंडलिकनगरात ज्या घरात माझं फिजिओथेरपीचं पहिलं क्लिनिक होतं, त्या घराच्या मालकांनी खोली देण्याआधी माझी डिग्री उन्हात धरून बघितली. अंगणात उभं राहून, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, कागदातून उजेड कसा येतो ते बघितलं. मग म्हणाले, "शिक्का तर बरोबर दिसतोय. पण या नावाच्या बाई तुम्हीच कशावरून?" मी ओळखपत्र काढून दिलं. "फोटो काय, कुणाचाबी डकवता येतो. शिनाख्त कोण करणार?" शेवटी गंगापूरहून माझ्या थोरल्या भावाला एसटीनं बोलावलं, ही माझी सख्खी बहीण आहे एवढं सांगायला. बिचारा कापूस वेचणीचे दिवस सोडून आला, सांगून गेला. तो फाटकाबाहेर पडल्यावर मालक मला म्हणाले, "आता ते तुमचे भाऊ कशावरून?"

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही नानाच म्हणू लागले. त्यांची सगळी नोकरी रजिस्ट्री कचेरीत गेलेली. जमिनीची, घरांची खरेदीखतं जिथं नोंदवतात ती कचेरी. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा नाना पाळण्यात होते. निजाम गेला, कागद उर्दूतून मराठीत आले, पण कचेरीतल्या तोंडात उर्दू राहिलीच. त्यामुळे नानांकडे साक्षीदार कधी नसायचा, गवाह असायचा. आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला गवाह लागायचा. आज ऊन लई आहे म्हटलं की विचारणार, "गवाह कोण?" मी एकदा चिडून म्हटलं, "तुमचं टक्कल." ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "चालेल."

संशय हा त्यांचा उद्योग होता, छंद होता आणि व्यायामही होता. दुधाच्या पातेल्यावर बाहेरून खडूची रेघ मारून ठेवत, मांजरानं प्यायलं का माणसानं ते कळावं म्हणून. गॅसची टाकी आली की तिला दोरी बांधून काट्यावर टांगत. औरंगपुऱ्यात जायचं असलं की तीन रिक्षावाल्यांना एकच प्रश्न विचारत आणि तिघांचं उत्तर एक आलं तर म्हणत, "बघा, आधीच ठरवून बसलेत." मग चालत जात. दाराची बेल त्यांनी काढून टाकली होती. बेल वाजवून येणारा माणूस आपल्याला तयारीला वेळ देतो, मग आपणही त्याला फसवतो, असं काहीतरी त्यांचं गणित होतं. मला ते कधी नीट कळलं नाही.

माझं त्यांचं रोज वाजायचं. मला राग लवकर येतो आणि तो मी पोटात ठेवत नाही. ते दुपारी नळाची मुख्य चावी बंद करायचे. का, तर माझे पेशंट पाणी फार पितात. "इथं चालायला शिकायला येतात का पाणी प्यायला?" मी म्हटलं, "नाना, लकव्याच्या माणसाला घोटभर पाणी नाकारलंत तर तुमचं थोबाड देवसुद्धा बघणार नाही." ते शांतपणे म्हणाले, "देवानं बघितलं, याला तरी गवाह कोण?" आणि चावी सोडली. त्यांच्याशी भांडण्यात मजा यायची, हे कबूल केलंच पाहिजे.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण अर्धांगाचे. अर्धं अंग गेलेलं, हात छातीशी दुमडलेला, पाय काठीसारखा ताठ. नाना खिडकीच्या गजांतून बघत उभे राहायचे. आत कधी यायचे नाहीत. एकदा मात्र विचारलं, "त्या माणसाचा हात असा मुटकुळा का? तो मुद्दाम धरतो का?" मी म्हटलं, मुद्दाम कशाला धरेल. "धरत असेल. तुम्हाला काय ठाऊक, तो काय वाचवायलाय." मी तेव्हा ते कानाआड केलं.

मग एके सकाळी न्हाणीत नानांचा डावा हात आणि डावा पाय गेला.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा डावा हात अगदी लुळा, उशीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा. वाचा मात्र गेली नव्हती. घरात मुलगा आणि सून. मुलगा वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे सगळं सुनेवर. तिला मी वहिनी म्हणायचे. त्या नानांना मामा म्हणायच्या, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. बाई बोलायला कमी आणि कामाला वाघ. नाना त्यांच्याविषयी मला हळू आवाजात सांगायचे, "ती वरण ढवळताना माझ्याकडं पाठ करते. का करते?" मी म्हटलं, "कारण शेगडी तिकडं आहे."

काही आठवडे गेले आणि एक दिवस मुलगा पेढे घेऊन खाली आला. "मॅडम, नानांच्या हातात ताकद आली. मूठ अशी आवळतात, सोडवत नाही." मी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. फार वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलायचं? ती ताकद नव्हती. लकव्यानंतर आधी अवयव लुळा पडतो आणि पुढं पुष्कळ जणांचा तो हळूहळू कडक होत जातो. घरचे बिचारे आनंदतात, आणि मी आपली शनीसारखी उभी. मुलानं तर बाजारातून रबरी चेंडू आणून दिला होता, दाबून दाबून ताकद वाढवायला. मी तो काढून घेतला. आधीच जो स्नायू आवळतोय, त्यालाच वर आवळायची तालीम कशाला?

नानांना समजावणं वेगळं. त्यांना गवाह लागणार. मी म्हटलं, "नाना, तुमच्या कचेरीत साहेब रजेवर गेले की कारकून काय करायचे?"

"मोकाट सुटायचे."

"मेंदू हा साहेब. स्नायू थोडासा ताणला गेला की आपण होऊन आवळायला बघतो, ती त्याची उपजत खोडच. साहेब वरनं निरोप धाडतो, गप बस, एवढं नको. लकव्यानं तुमच्या साहेबाची खुर्ची जळाली. आता निरोप येत नाही. जरा हात लावला की स्नायू ओढून धरतो. जितक्या झटक्यानं ओढाल, तितका जास्त."

नाना बराच वेळ आपल्या मुठीकडे बघत राहिले. म्हणाले, "आणि हा कारकून कुणाकडनं खातो?"

ते असं बोलले की मला हसू यायचं, पण ती मूठ बघून हसू विरायचं. चारही बोटं आत आणि त्यांच्या आत अंगठा. अंगठा तळव्यात दाबून बसलेला. वेळीच ताण देत राहिलं नाही, पट्टी बांधली नाही, तर स्नायू आखडून कायमचे आखूड होतात आणि मग हात उघडतच नाही. मी हे रोज सांगायचे. आणि नाना रोज उजव्या हातानं माझा हात झटकून टाकायचे. पायाला व्यायाम करू द्यायचे, खांद्याला करू द्यायचे, मुठीला नाही. "तिथं नाय," एवढंच म्हणायचे.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्नायू सैल पडायची गोळी दिली. तिनं पेंग येते. नाना तिसऱ्या दिवसापासून जीभ वर करून दाखवायचे आणि गोळी गालात ठेवायचे. वहिनींना त्या गोळ्या मनीप्लँटच्या कुंडीत सापडल्या. दरम्यान गोळी अशी अचानक बंद झाल्यानं हात आणखीच लाकूड झालेला, अंगाला घाम, चिडचिड. डॉक्टर सगळ्यांना बोलले, ही गोळी चढवायची हळूहळू आणि उतरवायचीही हळूहळू, असा खेळ जिवावर येतो. नानांनी ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "गोळी झोपेची आहे, व्हय का नाय?"

"झोप येते, पण झोपेची नाही."

"माणूस झोपला की मूठ सैल पडते, हे मी पाहिलंय. दुपारी डोळा लागला आन् उघडला तर अंगठा अर्धा बाहेर."

खरं होतं. झोपेत ताण उतरतोच. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटलं असेल. पण ते मला तक्रार म्हणून सांगत होते. त्या दिवसापासून ते दुपारचे आडवे होईनात. खुर्चीत बसून डोळे ताणून जागत. जांभई आली की डावा हात आपोआप वर उचलला जायचा, तेही असतं या दुखण्यात, आणि नाना दचकून इकडंतिकडं बघायचे की कोण ओढतंय.

आता माझाही स्वभाव सांगते. संशय हा खरजेसारखा असतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. एक दिवस मुलगा जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मॅडम, बाकी हात राहू द्या, अंगठा तरी लवकर मोकळा करता येईल का?" मी विचारलं, अंगठाच का? तर म्हणाला, पेन्शनचा हयातीचा दाखला अडलाय, मशीनवर ठसा द्यावा लागतो. मी म्हटलं, "उजव्या हातालाही अंगठा असतो." तो म्हणाला, उजवा घासलाय, मशीन घेत नाही. खरं असेलही. बँकेतला एक माणूस माझ्याकडे मान दुखते म्हणून यायचा, त्याला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. तरी माझं मन मानेना. त्यानंतर मुलगा खोलीत आला की मी नानांच्या मुठीकडे बघायचे, आणि तो आला की ती आणखी आवळायची, पांढरी पडेपर्यंत. राग, भीती, ओझं मनावर आलं की स्नायूंचा ताण वाढतो, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकात हे नाही की तो मुलाला बघूनच का वाढावा.

मी नानांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "दार लोटा." मग म्हणाले, "सही कुणाचीबी कुणीबी ठोकतं. मी आयुष्यभर सह्या बघितल्या, माझी स्वतःची मी तीन तऱ्हांनी करतो. पण अंगठा ज्याचा त्याला एकट्याला दिलाय. आन् दस्तावर पुरुषाचा डावा घेतात. कळलं?"

कळलं. घर नानांच्या नावावर होतं. गोळी झोपेची, झोपेत मूठ सैल, सैल मुठीतला अंगठा शाईवर. म्हाताऱ्यानं पुरी साखळी जुळवून ठेवली होती. आम्ही सगळे ज्याला दुखणं म्हणत होतो, त्याच्यावर नानांनी आपलं कुलूप घातलं होतं. लकव्यानं मूठ बंद केली आणि नानांना ती फार सोयीची वाटली.

"पण मुलानं तर चेंडू आणून दिला होता," मी म्हटलं. "मूठ आणखी घट्ट व्हायला. ज्याला अंगठा हवा तो असं करेल?"

"ती चाल असते," नाना म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात खोलीत वास येऊ लागला. वहिनी सकाळ-संध्याकाळ अंग पुसायच्या, चादर बदलायच्या, तरी वास. मला ठाऊक होता तो वास. बंद मुठीत घाम साचतो, कातडी भिजून कुजते. त्या दिवशी मी नानांचं ऐकलं नाही. "ओरडा किती ओरडायचं ते," असं म्हणून स्टूल ओढून बसले. वहिनी गरम पाण्याचं भांडं घेऊन शेजारी. अशी मूठ उघडायची एक रीत असते. बोटं धरून ओढायची नाहीत, ओढली की ती दुप्पट आवळतात. आधी मनगट खाली दुमडायचं. मनगट दुमडलं की बोटांचे दोर आपोआप ढिले पडतात. मग एकेक बोट, आणि अंगठा सगळ्यात शेवटी, तोही टोकाला न धरता बुडापासून. मी मनगट हातात घेतलं आणि हळूच खाली नेलं.

नाना ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कॉलेजात शिकवतात."

"कॉलेजात? हे तर आमच्या हेडक्लार्कनं मला शिकवलं होतं."

माझे हात तिथंच थांबले. रजिस्ट्रीच्या हेडक्लार्कला लकव्याची मूठ सोडवायची रीत कशाला लागावी? वहिनीही भांडं धरून तशाच उभ्या राहिल्या.

नानांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. "माणूस आजारी असला, कचेरीत येऊ शकत नसला, तर कचेरी त्याच्या घरी जाते. तसा कायदाच आहे. मी नवा होतो. औरंगपुऱ्यात एका घरी गेलो. म्हातारा अर्धांगानं पडलेला, वाचा गेलेली, डावी मूठ अशीच. पोरांनी दस्त तयार ठेवला होता. साहेब बाहेर चहा घेत बसले. मला मूठ उघडंना. मी ओढतोय, ती आवळतेय. हेडक्लार्क म्हणाला, अरे गाढवा, ओढू नको, मनगट दुमड, बोटं सुटतात, अंगठा शेवटी. तसं केलं. ठसा लई स्वच्छ उठला. साहेबांनी शाबासकी दिली."

मला वाटलं संपलं.

"त्याची पोरं अंगठ्याकडं बघत होती. मीबी अंगठ्याकडंच बघत होतो. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता, एवढं मला जाणवत होतं, पण मी वर बघितलं नाय. बघितलं असतं तर काम राहिलं असतं. तो व्हय म्हणत होता का नाय म्हणत होता, याला गवाह कोण?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी असं वाटलं की या माणसाला उठून पाणी द्यावं. दोन्ही एकदम वाटलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर दुधाच्या पातेल्यावर रेघा मारणारा हा माणूस दुसऱ्या कुणाला भीत नव्हता. औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत एक तरुण कारकून बसला होता, त्याला भीत होता.

तळवा बघितला तेव्हा मधल्या बोटाचं नख कातडीत रुतलेलं निघालं. पू झाला होता. हेही एक कारण असतं, मी सांगितलं, अंगात कुठं काही दुखत असलं, नख रुतलं, लघवीला जळजळ झाली, पोट साफ नसलं, की ताण वाढतो. मेंदूला नीट कळत नाही, पण स्नायू चुगली करतात. नानांना ते एवढंच पटलं. "चुगली करतात? मग कामाचे आहेत," म्हणाले.

जखम भरायला मूठ उघडी राहायला हवी होती, पण नुसत्या ताणानं ती आता ऐकणार नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, जे स्नायू जास्त आवळतात नेमक्या त्यांच्यातच द्यायचं. नाना म्हणाले नाय. मुलगा हात जोडून म्हणाला, नाना, घ्या ना. त्यामुळे तर मुळीच नाय. मी दोन दिवस भांडले आणि मग डोकं चालवलं. जेवायच्या वेळी वर गेले, समोर बसले आणि म्हटलं, "राहू द्या. मूठ अशीच ठेवा. पुढं ती कायमची बंद होईल, आत परत कुजेल, मग ऑपरेशन करून दोर कापावे लागतील."

"कापू द्या."

"ऑपरेशनला भूल देतात, नाना. चांगली गाढ. हात टेबलावर उघडा पसरलेला आणि तुम्ही बेशुद्ध. आत कोण आलं, कोण गेलं, तुम्हाला काही पत्ता नाही."

घास हातातच राहिला. "आन् इंजेक्शनला?"

"टक्क जागे. सगळं डोळ्यांसमोर."

असं माझ्या आयुष्यात कुणा पेशंटला पटवलेलं मला आठवत नाही. ज्या संशयानं हात बंद केला, त्यालाच उघडायच्या कामाला लावला. शहाणपणाचं बोलून तिथं काही उगवलं नसतं.

डॉक्टरांकडे मीही गेले होते. नानांनी विचारलं, "याच्यात काय आहे?" डॉक्टर तरुण होते, सरळ होते. म्हणाले, "एका जंतूचं विष आहे. अगदी थेंबभर, जपून वापरतो. त्यानं तो स्नायू काही काळ ढिला पडतो." मुलाचा चेहरा पडला. मी डोळे मिटून घेतले. आणि नाना खूश. "हा पहिला माणूस खरं बोलला. बाकी सगळे मला औषध आहे, औषध आहे सांगायलेत." मग विचारलं, मुदत किती. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने, पुढं असर उतरतो, गरज पडली तर पुन्हा द्यावं लागतं. दुसऱ्या कुणाला हे ऐकून वाईट वाटलं असतं. नाना मला म्हणाले, "म्हणजे भाडेकरारासारखंच. कायमचा ताबा नाय. चालेल."

आठवडा-दीड आठवड्यात बोटं सैल पडू लागली. हात चांगला झाला असं नाही, त्या हातानं नानांनी पुढं कधी पेला उचलला नाही, आणि मी तसं वचनही दिलं नव्हतं. पण मूठ उघडायची, तळव्याला हवा लागायची, कातडी भरून आली. इंजेक्शन ही नुसती संधी असते. ते चालू आहे तोवर दिवसातून अनेकदा ताण द्यायचा, आणि हात उघडा ठेवणारी पट्टी बांधायची. ते केलं नाही तर केलेलं सगळं वाया. तोवर ते मी करत होते. आणि नेमकी त्याच वेळी गंगापूरला माझी आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. मला जाणं भाग होतं, किती दिवस ते सांगता येत नव्हतं.

"घरातल्या कुणाला तरी शिकवते," मी म्हटलं. "कुणाला शिकवू, ते तुम्ही सांगा."

नानांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत त्यांनी मुलाला एकदा हात हातात घ्यायला लावला, वहिनींना एकदा. मला खोलीत थांबवून ठेवलं. मुलानं हात घेतला तो जपून, खरंच जपून, काचेचं भांडं धरावं तसा. आणि सगळा वेळ बोटांकडे बघत राहिला. कुठं चुकू नये म्हणून बघत असेल बिचारा. वहिनींनी हात घेतला, टॉवेलवर ठेवला, आणि करता करता त्या नानांना म्हणाल्या, "मामा, दुखतंय का? भुवई वर गेली तुमची."

वहिनी गेल्यावर नाना म्हणाले, "हिला शिकवा."

मी विचारलं, का? वरण ढवळताना पाठ करणारी हीच ना?

"पाठ करते ना. करू द्या." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण हात धरला की तोंडाकडं बघते."

आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, ताण देताना सांध्याकडे नाही, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं, किती सोसवतंय ते तिथं दिसतं. मी हे शेकडो लोकांना सांगितलं असेल. इतक्या महागात हे शिकलेलं मात्र नानांखेरीज दुसरं कुणी मी बघितलं नाही.

शेवटी मी शिकवलंच नाही. मी निघायच्या दिवशी दुपारी वर गेले तर वहिनी स्टुलावर बसलेल्या आणि नाना त्यांना सांगत होते, कचेरीत नव्या माणसाला सांगावं तसं, हळू, एकेक पायरी. "ओढायचं नाय. ओढलं की आवळतंय. आधी मनगट खाली. हां. आता थांब. घाई करायची नाय, त्याला कळू दे. आता करंगळीपासून. एकेक." वहिनी करत होत्या. चार बोटं उघडली. अंगठा अजून आत होता. नाना थांबले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मग म्हणाले, "अंगठा शेवटी. बुडापासून धर, पोरी. टोकाला धरू नको."

वहिनींनी अंगठा बाहेर घेतला. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, नखं कापली, मग हात मांडीवर पसरून धरून बसल्या, मी नानांना सांगितलं होतं तितका वेळ धरायचा म्हणून. नाना काही बोलत होते, बहुतेक पट्टीच्या बंदांविषयी. बोलता बोलता त्यांचे शब्द लांबले. डोळे मिटले. इतक्या आठवड्यांत दुपारचा त्यांचा डोळा लागलेला मी बघितला नव्हता. ते झोपले, आणि उघडा अंगठा सुनेच्या हातात तसाच राहिला. मला रडू आलं.

पिशवी उचलून मी बाहेर आले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. परत वर गेले, आणि दाराच्या फटीतून आत बघितलं. टॉवेलाखाली, स्टुलापाशी, उशाला, वहिनींच्या हाताच्या आसपास, कुठं शाई दिसते का, ते मी बघत होते. कुठंच नव्हती. मी तरी बघत राहिले.

वहिनींनी मान वर केली नाही. नाना जागे होऊ नयेत म्हणून अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, तेवढं दार लोटून घ्या. उजेड त्यांच्या तोंडावर यायलाय."

मी दार लोटलं आणि खाली आले.